लेनर्ड चेशायर

जेफ्री लेनर्ड चेशायर (जन्म: ७ सप्टेंबर १९१७, चेस्टर, इंग्लंड, मृत्यू: ३१ जुलै १९९२, कॅव्हेंडिश, सफोक, इंग्लंड) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वायुदलाचे बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक आणि युद्धोत्तर काळातील समाजसेवक होते. व्हिटली, हॅलिफॅक्स व लँकेस्टर या विमानांवरून, आणि युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात मॉस्किटो व मस्टँग या हलक्या विमानांतून, त्यांनी एकूण १०० युद्धमोहिमा पूर्ण केल्या. १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्याच्या वेळी ब्रिटनचे अधिकृत निरीक्षक म्हणून ते उपस्थित होते. युद्धानंतर त्यांनी अपंग व असाध्य आजाराने पीडित व्यक्तींसाठी 'चेशायर होम' या नावाने ओळखली जाणारी निवासगृहे सुरू केली. या गृहांपैकी ब्रिटनबाहेरील पहिले गृह १९५६ मध्ये मुंबईतील अंधेरी येथे उभे राहिले. त्यांचा विवाहही मुंबईतच झाला.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

चेशायर यांचे वडील जेफ्री शेव्हेलियर चेशायर हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील नामवंत विधिज्ञ होते. करारविषयक कायदा आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायदा या विषयांवरील त्यांचे ग्रंथ भारतातील विधी महाविद्यालयांतही दीर्घकाळ अभ्यासले गेले. लेनर्ड यांचे बालपण ऑक्सफर्डच्या परिसरात गेले. ड्रॅगन स्कूल व स्टो स्कूल येथील शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला. अभ्यासापेक्षा वेगवान मोटारी, पैजा आणि मौजमजा यांकडे त्यांचा ओढा अधिक होता.

१९३६ मध्ये ते काही काळ जर्मनीतील पॉट्सडॅम येथे निवृत्त नौदल अधिकारी लुडविग फॉन रॉयटर यांच्या घरी राहिले. हिटलरच्या राजवटीतील जर्मनी त्यांना या निमित्ताने जवळून पाहता आला. ऑक्सफर्डमध्ये असतानाच त्यांनी विद्यापीठाच्या हवाई पथकात नाव नोंदवून विमानोड्डाणाचे प्रशिक्षण घेतले. १९३९ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांची वायुदलात कायम नियुक्ती झाली.

युद्धसेवेचा आरंभ

जून १९४० मध्ये चेशायर यॉर्कशायरमधील ड्रिफील्ड तळावरील १०२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. या स्क्वॉड्रनकडे दोन इंजिनांची व्हिटली विमाने होती. प्रारंभी त्यांनी न्यूझीलंडचे वैमानिक लाँग यांच्या हाताखाली सहवैमानिक म्हणून काम केले. विमानातील प्रत्येक नळी, खटका व बटण अंधारातही हाताला सापडले पाहिजे, आणि आपल्या चमूतील प्रत्येकाचे काम कप्तानाला ठाऊक असले पाहिजे, हा धडा त्यांनी लाँग यांच्याकडून घेतला. लाँग पुढे १९४१ मध्ये मोहिमेवर असताना मारले गेले.

नोव्हेंबर १९४० मधील एका रात्री कोलोन परिसरावरील हल्ल्याच्या वेळी चेशायर यांच्या विमानाला विमानवेधी तोफेचा गोळा लागला. त्यामुळे विमानातील प्रकाशज्योतीचा आतच स्फोट झाला, विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले आणि आग लागली. बिनतारी यंत्रचालक डेव्हिडसन गंभीररीत्या भाजले. त्यांना काही दिसत नव्हते, तरीही ते आपल्या यंत्रावरून संदेश पाठविण्याचा प्रयत्न करीत राहिले. सहकाऱ्यांनी आग विझविली आणि चेशायर यांनी ते मोडके विमान इंग्लंडला सुखरूप परत आणले. या कामगिरीसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर (डीएसओ) हे पदक देण्यात आले, तर डेव्हिडसन यांनाही शौर्यपदक मिळाले.

अवजड बॉम्बफेकी विमान आणि त्याचा चमू

१९४१ च्या प्रारंभी चेशायर ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये गेले. चार इंजिनांचे नवे हॅलिफॅक्स विमान वापरणारी ही पहिली स्क्वॉड्रन होती. हॅलिफॅक्स व त्यापाठोपाठ आलेले लँकेस्टर ही विमाने ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या रात्रीच्या हल्ल्यांचा कणा ठरली. युद्धकाळात सहा हजारांहून अधिक हॅलिफॅक्स आणि ७,३७७ लँकेस्टर विमाने बांधण्यात आली.

अशा विमानात सहसा सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, बिनतारी यंत्रचालक, पाठीवरच्या बुरुजातील तोफची आणि शेपटातील तोफची. विमान कोणत्या मार्गाने जात आहे हे नॅव्हिगेटर पडद्याआड बसून नकाशा, घड्याळ व गणिताच्या आधारे ठरवीत असे. शेपटातील तोफची इतरांपासून दूर, सहा-आठ तास कडाक्याच्या थंडीत एकटाच बसे. चमूचा कप्तान वैमानिकच असे, मग त्याचा हुद्दा इतरांपेक्षा खालचा असला तरी. प्रत्येक चमूने साधारणपणे ३० मोहिमा पूर्ण केल्या की त्याची सेवेची एक फेरी संपे. परंतु अनेक चमू तेथवर पोहोचतच नसत. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी विमानचमूत सेवा केली आणि त्यांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड आदी देशांचे तरुणही त्यांत होते. भारतीयांची संख्या अल्प होती. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे मराठी नाव त्यांत उल्लेखनीय आहे. लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर म्हणून केलेल्या सेवेबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (डीएफसी) मिळाला.

चेशायर यांना १९४१ मध्ये डीएफसी आणि दुसऱ्यांदा डीएसओ ही पदके मिळाली. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे विमाने आणण्याच्या कामासाठी गेले असता त्यांनी अमेरिकन अभिनेत्री कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी विवाह केला. हा विवाह टिकला नाही व १९५१ मध्ये तो रद्दबातल ठरविण्यात आला. त्यांचे धाकटे बंधू ख्रिस्तोफर हेही बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. ऑगस्ट १९४१ मध्ये बर्लिनवरील मोहिमेत त्यांचे विमान पाडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत ते जर्मनांचे युद्धकैदी राहिले.

७६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व

मे १९४२ मध्ये कोलोनवर एका रात्रीत सुमारे एक हजार विमानांनी केलेल्या हल्ल्यात चेशायर सहभागी होते. ऑगस्ट १९४२ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्यांच्याकडे ७६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व आले. या वेळी हॅलिफॅक्स विमानांची हानी मोठ्या प्रमाणात होत होती आणि स्क्वॉड्रनचे मनोधैर्य खचले होते. विमान फार जड असल्याने त्याला पुरेशी उंची व वेग गाठता येत नाही, हे चेशायर यांनी ओळखले. त्यांनी नाकावरचे व पाठीवरचे तोफांचे बुरूज आणि इंजिनांच्या धुराड्यांवरील जड आच्छादने काढून टाकली. संरक्षणासाठी लावलेली शस्त्रे काढल्याने विमान अधिक सुरक्षित झाले, हा निष्कर्ष वरवर विपरीत वाटणारा होता. परंतु हलके झालेले विमान शत्रूच्या तोफांपासून व लढाऊ विमानांपासून सहज दूर जाऊ शकत असे. हॅलिफॅक्सच्या सुकाणूत एक दोष होता. विशिष्ट स्थितीत सुकाणू अडकून विमान गरगरत खाली येई. या दोषाची तड लावण्यासाठीही त्यांनी पाठपुरावा केला.

नव्या, अननुभवी चमूबरोबर ते स्वतः सहवैमानिकाच्या आसनावर बसून मोहिमेवर जात. तळावरील यंत्रकामगारांपर्यंत प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवण्याचा त्यांचा कटाक्ष असे. मात्र या आपुलकीला एक कठोर बाजूही होती. भीतीने ज्याचा धीर सुटला आहे अशा माणसाला ते तत्काळ स्क्वॉड्रनमधून हलवीत. अशा माणसांबद्दल त्यांना सहानुभूती नव्हती असे नाही. पण एकाच्या भीतीची लागण इतर सहा जणांचे प्राण घेऊ शकते, अशी त्यांची धारणा होती. त्या काळी या मनोरुग्ण तरुणांच्या नोंदीवर धैर्याचा अभाव असा शिक्का बसत असे व तो आयुष्यभर पुसला जात नसे.

१९४३ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांना ग्रुप कॅप्टनच्या पदावर बढती मिळाली. ब्रिटिश वायुदलातील ते त्या वेळचे सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन होते. मार्स्टन मूर येथील प्रशिक्षण तळाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. परंतु कार्यालयीन कामात त्यांचे मन रमेना.

६१७ क्रमांकाची स्क्वॉड्रन

मे १९४३ मध्ये जर्मनीतील धरणे फोडणारी ६१७ क्रमांकाची स्क्वॉड्रन विशेष अवघड मोहिमांसाठी राखून ठेवलेली होती. तिचे नेतृत्व मिळावे म्हणून चेशायर यांनी आपला हुद्दा एक पायरी खाली आणण्याची विनंती केली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये विंग कमांडर म्हणून ते तेथे रुजू झाले.

रात्रीच्या हल्ल्यात लक्ष्य अचूक हेरणे ही तेव्हाची मोठी अडचण होती. लक्ष्यावर आधी रंगीत ज्योती टाकून खूण करण्याचे काम उंचावरील विमाने करीत. ती खूण काहीशे मीटर जरी चुकली तरी पाठोपाठ येणाऱ्या विमानांचे सर्व बॉम्ब वाया जात किंवा वस्तीवर पडत. स्क्वॉड्रनमधील ऑस्ट्रेलियन वैमानिक मिकी मार्टिन यांच्या साह्याने चेशायर यांनी अगदी खालून उडून खूण करण्याची पद्धत विकसित केली.

लिमोज येथील मोहीम

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री फ्रान्समधील लिमोज शहरातील विमान इंजिनांच्या कारखान्यावर १२ लँकेस्टर विमाने पाठविण्यात आली. कारखाना जर्मनांच्या उपयोगाचा असला तरी रात्रपाळीला तेथे सुमारे ५०० फ्रेंच कामगार असत आणि त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. आजूबाजूला नागरी वस्ती होती. चेशायर यांनी आपले विमान कारखान्याच्या छपरावरून तीन वेळा अतिशय खालून नेले. हा इशारा ओळखून कामगार बाहेर पळाले. त्यानंतरच्या फेरीत त्यांनी छपरावर ज्योती टाकून खूण केली व पाठीमागच्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. पूर्वसूचना दिल्याने शत्रूच्या तोफांना सावध होण्याची संधी मिळते, हे ठाऊक असूनही त्यांनी हा धोका पत्करला होता. शहरांवरील सरसकट बॉम्बफेकीच्या त्या काळात ही मोहीम अपवादात्मक ठरते.

म्युनिक ते नॉर्मंडी

लँकेस्टरसारखे अवजड विमान खालून उडविणे धोक्याचे असल्याने चेशायर यांनी खूण करण्यासाठी चपळ मॉस्किटो विमान मिळविले. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिक शहरावर सर्चलाइट व तोफांच्या भडिमारातून सुमारे ७०० फुटांपर्यंत खाली येऊन त्यांनी लक्ष्यावर खूण केली. परतीच्या प्रवासाला इंधन पुरेल याची खात्री नसतानाही ते या मोहिमेवर गेले होते.

५ जूनच्या रात्री, नॉर्मंडीतील सैन्य उतरण्याच्या पूर्वसंध्येला, ६१७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने एकही बॉम्ब न टाकता महत्त्वाची कामगिरी केली. लँकेस्टर विमानांनी ठरावीक अंतराने वर्तुळे घेत, धातूच्या पातळ पट्ट्या सोडत, जहाजांच्या संथ गतीने फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वाटचाल केली. त्यामुळे जर्मन रडारला एक मोठे आरमार वेगळ्याच दिशेने येत असल्याचा भास झाला. या कामात सेकंदांची चूकही चालणार नव्हती. नॅव्हिगेटरांच्या कौशल्याची ती कसोटी होती.

त्यानंतर तीनच दिवसांनी या स्क्वॉड्रनने बार्न्स वॉलिस यांनी तयार केलेला सुमारे ५,४०० किलोग्रॅम वजनाचा 'टॉलबॉय' बॉम्ब प्रथमच वापरून सोम्यूर येथील रेल्वेचा बोगदा निकामी केला. जर्मन रणगाडे याच मार्गाने नॉर्मंडीकडे येणार होते. २५ जून रोजी सिराकूर येथील उडत्या बॉम्बच्या तळावर हल्ला करताना चेशायर यांनी एक आसनी मस्टँग विमान वापरले. हे विमान त्यांना त्याच दिवशी मिळाले होते आणि ते त्यांनी त्यापूर्वी कधीही चालविले नव्हते. ६ जुलै १९४४ रोजी लंडनवर मारा करण्यासाठी मिमोयेक येथे भूमिगत बांधल्या जात असलेल्या तोफांच्या तळावरील हल्ला ही त्यांची शंभरावी मोहीम ठरली. त्यानंतर वरिष्ठांनी त्यांना युद्धोड्डाणातून निवृत्त केले.

व्हिक्टोरिया क्रॉस

८ सप्टेंबर १९४४ रोजी चेशायर यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक सामान्यतः एखाद्या विशिष्ट प्रसंगातील शौर्यासाठी दिले जाते. चेशायर यांना मात्र ते चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी देण्यात आले, ही बाब असाधारण मानली जाते. पदक स्वीकारण्याच्या समारंभात नॉर्मन जॅक्सन हे वॉरंट ऑफिसर हुद्द्यावरील फ्लाइट इंजिनिअरही उपस्थित होते. जळत्या विमानाच्या पंखावर चढून आग विझविण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता. आपल्याआधी जॅक्सन यांना पदक दिले जावे, अशी विनंती चेशायर यांनी राजाला केल्याचे सांगितले जाते. शिष्टाचारामुळे ती मान्य होऊ शकली नाही.

नागासाकी

१९४४ च्या उत्तरार्धात चेशायर यांची नेमणूक काही काळ कलकत्त्यातील हवाई मुख्यालयात झाली. भारताशी त्यांचा हा पहिला संबंध होय. त्यानंतर ते वॉशिंग्टनमधील ब्रिटिश शिष्टमंडळात गेले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यात आला तेव्हा शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासह ते निरीक्षक म्हणून एका बी-२९ विमानात होते. त्यांचे विमान ठरलेल्या ठिकाणी इतर विमानांना भेटू शकले नाही, त्यामुळे स्फोटाचा प्रचंड ढग त्यांना बऱ्याच अंतरावरून पाहावा लागला.

या अनुभवामुळे चेशायर युद्धविरोधी झाले आणि त्यातूनच समाजसेवेकडे वळले, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपले व त्यामुळे अधिक मनुष्यहानी टळली, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. अण्वस्त्रांच्या धाकाने शांतता राखण्याच्या धोरणाचेही ते समर्थन करीत. तथापि केवळ युद्ध टाळणे म्हणजे शांतता नव्हे, ज्या दैन्यातून संघर्ष उपजतात ते दूर करण्याचे काम प्रत्येकाने हाती घेतले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

ल कोर्ट आणि पहिले चेशायर होम

जानेवारी १९४६ मध्ये चेशायर वायुदलातून निवृत्त झाले. सैन्यातून परतलेल्या माणसांना व त्यांच्या कुटुंबांना एकत्र राहून काम करता यावे म्हणून त्यांनी एक वसाहत स्थापन केली. पुढे ती हॅम्पशायरमधील 'ल कोर्ट' या जुन्या वाड्यात हलविण्यात आली. पैशाचा अभाव आणि सभासदांमधील मतभेद यांमुळे हा प्रयोग १९४७ मध्ये फसला. चेशायर कर्जबाजारी झाले व त्यांची प्रकृतीही ढासळली.

१९४८ मध्ये या वसाहतीतील पूर्वीचे रहिवासी आर्थर डाइक्स कर्करोगाने मरणासन्न असल्याचे व त्यांना ठेवून घेण्यास कोणतीही जागा नसल्याचे रुग्णालयातून चेशायर यांना कळले. त्यांनी डाइक्स यांना ल कोर्ट येथे आणले. शुश्रूषेचे कोणतेही प्रशिक्षण नसताना त्यांनी स्वतः स्वयंपाक केला, अंथरुणे बदलली, रुग्णाचे मलमूत्र काढले. ऑगस्टमध्ये डाइक्स यांचे निधन झाले. तोवर या वाड्याची वार्ता पसरून इतर निराधार रुग्ण तेथे येऊ लागले होते. डाइक्स कॅथलिक होते. त्यांच्या सहवासातून धर्मचिंतनाकडे वळलेल्या चेशायर यांनी १९४८ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस कॅथलिक पंथ स्वीकारला.

दुसरे गृह कॉर्नवॉलमधील प्रेडनॅक येथे, विमानतळाच्या वापरात नसलेल्या इमारतींत सुरू झाले. १९५२ मध्ये चेशायर यांना क्षयरोग झाला आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात होते. रुग्णशय्येवरूनच त्यांनी पत्रव्यवहाराद्वारे संस्थेचा विस्तार केला.

भारतातील कार्य

आजारातून उठल्यावर चेशायर भारतात आले. १९५६ मध्ये मुंबईच्या अंधेरी उपनगरात, महाकाली लेण्यांच्या परिसरात, 'बेथलेहेम हाउस' हे ब्रिटनबाहेरील पहिले चेशायर होम सुरू झाले. रुग्णालयात बरे होण्याची आशा नाही आणि घरी सांभाळणारे कोणी नाही, अशा व्यक्तींना येथे आश्रय देण्यात आला. पाठोपाठ देशाच्या इतर भागांतही अशी गृहे उभी राहिली.

या गृहांची कार्यपद्धती लक्षणीय होती. बाहेरून आलेल्या संस्थेने गृह चालवावे असा त्यांचा आग्रह नव्हता. प्रत्येक गृहाची स्थानिक समिती असे व निधी शक्यतो त्याच गावातून उभारला जाई. जात, धर्म वा पंथ न पाहता प्रवेश दिला जाई. गृहाला रुग्णालयाचे नव्हे, तर घराचे स्वरूप असावे आणि तेथील रहिवाशांनी आपल्या शक्तीनुसार घराच्या कामात व निर्णयांत भाग घ्यावा, हे त्यामागचे सूत्र होते.

५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतील कॅथलिक कॅथेड्रलमध्ये चेशायर यांचा विवाह सू रायडर यांच्याशी झाला. युद्धकाळात पोलंडमधील गुप्त प्रतिकार चळवळीशी संबंधित ब्रिटिश संघटनेत सेवा केलेल्या रायडर यांनी युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांसाठी स्वतंत्र सेवाकार्य उभारले होते. त्याच वर्षी उभयतांनी डेहराडून येथे 'राफेल' या केंद्राची स्थापना केली. कुष्ठरोगी आणि मतिमंद मुले यांच्या सेवेसाठी हे केंद्र ओळखले जाते.

अखेरची वर्षे

१९८१ मध्ये चेशायर यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान आणि १९९१ मध्ये उमरावपद मिळाले. विसाव्या शतकातील युद्धांत मृत्युमुखी पडलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी आपत्तिनिवारणासाठी एक निधी स्थापन केला. या निधीच्या साह्यार्थ जुलै १९९० मध्ये बर्लिन येथे रॉजर वॉटर्स यांचा भव्य संगीत कार्यक्रम झाला. ज्या शहरावर त्यांनी पूर्वी बॉम्ब टाकले होते आणि ज्यावरील मोहिमेत त्यांच्या भावाचे विमान पाडले गेले होते, त्याच शहरात चेशायर यांनी पहिल्या महायुद्धातील एक शिट्टी वाजवून या कार्यक्रमाचा प्रारंभ केला.

आयुष्याच्या अखेरीस त्यांना मोटर न्यूरॉन हा स्नायू दुर्बळ करणारा आजार झाला. ज्या अवस्थेतील माणसांची त्यांनी चार दशके सेवा केली, तीच परावलंबी अवस्था त्यांच्या वाट्याला आली. ३१ जुलै १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी सुमारे ५० देशांत त्यांच्या संस्थेची गृहे कार्यरत होती. सू रायडर यांचे निधन २००० साली झाले.

लेखन

'बॉम्बर पायलट' (१९४३) हे युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झालेले त्यांचे अनुभवकथन गाजले. 'द फेस ऑफ व्हिक्टरी' (१९६१), 'द हिडन वर्ल्ड' (१९८१) आणि अण्वस्त्रांच्या प्रश्नाची चर्चा करणारे 'द लाइट ऑफ मेनी सन्स' (१९८५) ही त्यांची अन्य पुस्तके होत.

मूल्यमापन

बॉम्बर कमांडच्या कार्याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. जर्मन शहरांवरील हल्ल्यांत लाखो नागरिक मारले गेले आणि त्या मोहिमांत चेशायर यांचाही वाटा होता. आपल्या युद्धसेवेबद्दल त्यांनी क्षमायाचना केली नाही, तसेच तिचा गौरवही मिरविला नाही. त्यामुळे त्यांच्या उत्तरायुष्याकडे केवळ प्रायश्चित्त म्हणून पाहणे अपुरे ठरते. नवख्या चमूबरोबर स्वतः उड्डाण करणारा, यंत्रकामगारांची नावे पाठ ठेवणारा आणि कारखान्यातील स्त्रियांना बाहेर पडण्यास अवधी देणारा अधिकारी आणि मरणासन्न रुग्णाची अंथरुणे बदलणारा सेवक यांच्यात अनेक अभ्यासकांना सातत्य दिसते. त्यांच्या नावाची निवासगृहे भारतासह अनेक देशांत कार्यरत आहेत.